गोड चालीचे ओझे

गेल्या वर्षीच्या कोजागिरीची गोष्ट. आम्ही राहतो त्या परमुलखातील शहरात महाराष्ट्रीयांची वस्ती फार मोठी नाही; तरीपण मंडळाच्या गच्चीवर त्या रात्री सत्तर-ऐंशी माणसे सहज जमतात. भावगीते झाली, आटीव दूध झाले, आणि वडीलधारी मंडळी गप्पांकडे वळल्यावर तरुणांनी आपल्या आवडीचे संगीत लावले. त्यात एक विलायती गाणे आले. खाली यंत्राचा एकसुरी ठेका, आणि त्यावर कोणी शीळ घालीत चालले असावे असे मोकळे, उल्हसित सूर. मुले नाचू लागली आणि आमचीही मान डोलू लागली. कारण ही चाल आम्हांस चाळीस वर्षांपासून परिचित होती. १९८३ च्या सुमारास आखातात नोकरीस असलेल्या एका स्नेह्याने आणलेल्या कॅसेटवर ती आम्ही असंख्य वेळा ऐकली होती. ‘एनोला गे’ हे कोणा प्रेयसीचे नाव असावे, अशी त्या वेळी आमची खुशाल समजूत होती. खरा अर्थ पुढे पुष्कळ वर्षांनी कळला. पण कळल्यावरही आमच्या मानेचे डोलणे थांबले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

गाणे संपल्यावर शेजारच्या बिऱ्हाडातील एक वीस वर्षांची मुलगी जवळ येऊन म्हणाली, “काका, तुम्हालाही हे आवडतं? पण हे हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या विमानाचं नाव आहे, ठाऊक आहे ना? मला कळलं तेव्हापासून मी नाचताना मध्येच थांबते, आणि मग पुन्हा नाचायला लागते. यात माझं काही चुकतं का हो?”

आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला.

हे गाणे ज्यांचे, त्या मंडळींचे नाव ‘ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘ओ. एम. डी.’. अँडी मॅक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज या दोन तरुणांनी १९७८ साली लिव्हरपूलजवळच्या विरल भागात हा जथा उभा केला. क्राफ्टवेर्क या जर्मन वाद्यवृंदाचे संगीत मॅक्लस्कीने १९७५ साली लिव्हरपूलमध्ये ऐकले होते, आणि गिटारीवाचूनही संगीत होऊ शकते हा साक्षात्कार त्यास तेथे झाला. पैसा तर जवळ नव्हता. पहिला सिंथेसायझर घेतला तो आईच्या नावावरील टपाली विक्रीच्या सूचीतून, आठवड्याच्या हप्त्यांवर. सप्टेंबर १९८० मध्ये ‘एनोला गे’ बाहेर पडले आणि इंग्लंडच्या खपाच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेले. पुढे यश आले, मतभेद आले. १९८९ साली हम्फ्रीज बाहेर पडला आणि १९९६ साली मॅक्लस्कीनेही दुकान बंद केले. सिंथ-पॉप हे त्या वेळी कालबाह्य, थोडेसे हास्यास्पदच ठरले होते.

गोष्ट येथे संपावयास हरकत नव्हती. परंतु २००६ साली ही मंडळी पुन्हा एकत्र आली आणि त्यांचे कार्यक्रम पुन्हा भरू लागले. २०२३ साली निघालेला त्यांचा ‘बाउहाउस स्टेअरकेस’ हा संग्रह इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. साठी ओलांडलेल्या गृहस्थांना तारुण्यातील यशाच्या तोडीस तोड यश मिळावे, हे लोकप्रिय संगीताच्या व्यवहारात क्वचितच घडते.

याची उपपत्ती सामान्यतः एका शब्दात लावण्यात येते : स्मरणरंजन. माणूस जुने गाणे ऐकतो तेव्हा तो गाणे ऐकत नसून स्वतःचे गेलेले वय ऐकत असतो, असे म्हणतात. आमच्यापुरते ते खरे असेल. कॅसेट, ती आणणारा स्नेही, त्या काळातील आमची भाड्याची खोली, हे सारे त्या चालीत आहे. परंतु त्या मुलीचे काय? गाणे निघाले तेव्हा तिची आईसुद्धा शाळेत असेल. जी आठवण तिच्याजवळ नाहीच, तिचे रंजन ती कोठून करणार? तेव्हा स्मरण हे म्हाताऱ्यांच्या आवडीचे कारण झाले. गाण्याच्या आयुष्याचे कारण ते नव्हे.

ते कारण चालीतच शोधले पाहिजे. या गाण्याला शब्दांचे असे ध्रुपद नाही. जेथे ध्रुपद यावयाचे तेथे सिंथेसायझरवरील ती धून येते. भाषा न समजणाऱ्याच्याही ओठांवर ती बसते. म्हणूनच तर इंग्रजी बेताचेच समजणारे आम्ही ती चाळीस वर्षे गुणगुणत राहिलो. यंत्रातून निघालेले संगीत थंड असावयाचे, असा एक समज आहे. पण येथे यंत्राचा कोरडा ठेका आणि माणसाचा भाबडा आनंद यांचा जो विजोड संसार आहे, त्यातच या गाण्याची गोडी आहे.

आणि आमच्या मुख्य प्रश्नाचे मूळही याच गोडीत आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता ‘एनोला गे’ या अमेरिकन विमानाने हिरोशिमावर अणुबाँब टाकला. ते वर्ष संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मेली, असा त्या शहराचा अंदाज आहे. वैमानिक पॉल टिबेट्स याने विमानाला आपल्या आईचे नाव दिले होते, आणि बाँबचे टोपणनाव होते ‘लिटल बॉय’, म्हणजे ‘लहानगा’. आईच्या पोटातून लहानगा बाहेर पडला, आणि शहर जळाले! कोणा कवीने ही कल्पना केली असती तर आपण तिला बीभत्स म्हटले असते. पण ही कल्पना नव्हे, ही युद्धाच्या दप्तरातील नोंद आहे. गाणे याच नोंदीवर बोट ठेवते. आईला या मुलाचा अभिमान वाटतो का, असे ते विचारते, आणि त्यातील घड्याळ सव्वाआठापुढे सरकत नाही. जून १९८० मध्ये अमेरिकन क्रूझ क्षेपणास्त्रे इंग्लंडमध्ये कोठे ठेवावयाची हे तेथील सरकारने जाहीर केले होते. त्यानंतर तीन महिन्यांनी आलेले हे गाणे केवळ इतिहासाविषयी नव्हते.

आता आक्षेपकाची बाजू ऐकावी. तो म्हणेल : ज्या घटनेपुढे माणसाने मान खाली घालावी, तिच्यावर नाचण्याजोगी चाल बांधणे हाच मुळी अपराध आहे. ज्यांची कातडी सोलून निघाली त्यांच्या वेदनेवर तुम्ही ठेका धरता, आणि त्या ठेक्याची तिकिटे विकता. हा आक्षेप हलका नाही. तो ज्याच्या मनात कधी येतच नाही, त्याच्या रसिकतेविषयी आम्हांस शंकाच वाटेल.

परंतु दुःखातून आनंद कसा होतो, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. करुणरसाची चर्चा आपल्या काव्यशास्त्राने शतकानुशतके केली आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना तात्यासाहेब केळकरांनी यावर सविकल्प समाधीची उपपत्ती मांडली. महाराष्ट्राबाहेर झालेल्या त्या भाषणाची आठवण आम्हां बाहेरच्यांना विशेष असावी. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तद्रूप होतो, पण स्वतःचे भान सर्वस्वी गमावीत नाही. तो तेथेही असतो आणि येथेही असतो, आणि वाङ्मयाचा आनंद या दुहेरी असण्यातून निर्माण होतो, असा तिचा थोडक्यात आशय. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ वाद झाले. आमच्या प्रश्नापुरती ती आम्हांस फार उपयोगी वाटते.

कारण त्या मुलीने जे सांगितले ते याहून निराळे काय होते? ती नाचते, थांबते, पुन्हा नाचते. पाय चालीत असतात आणि मन सव्वाआठाच्या घड्याळाशी जाऊन परत येते. तिची ती समाधी सविकल्प होती. आमची मात्र चाळीस वर्षे निर्विकल्प होती! दोष असेल तर तो चालीच्या गोडीत नाही. गोडीत बुडून भान हरपण्यात आहे.

यावर कोणी म्हणेल, श्रोत्याच्या भानावर विसंबण्यापेक्षा कलावंतानेच असे कडू काही का करू नये की झोपणे अशक्य व्हावे? ओ. एम. डी.ने तेही करून पाहिले. १९८१ च्या ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ या संग्रहाच्या मोठ्या यशानंतर १९८३ साली त्यांनी ‘डॅझल शिप्स’ काढला. त्यात देशोदेशींच्या बोलत्या घड्याळांचे आवाज होते, लघुलहरींवरील परक्या नभोवाणीचे तुकडे होते, मुलांच्या बोलक्या खेळण्याचा स्वर होता. शीतयुद्धाने दुभंगलेले जग श्रोत्याने विनासाखर ऐकावे, असा तो आग्रह होता. श्रोत्यांनी पाठ फिरविली. खप आधीच्या मानाने इतका घसरला की पुढच्या संग्रहात मंडळी मुकाट्याने गोड चालींकडे परतली. ज्या संग्रहास तेव्हा फसलेला प्रयोग म्हटले, तो २००८ साली आणि पुन्हा २०२३ साली, चाळीस वर्षे झाल्यानिमित्त, नव्याने काढण्यात आला. आज त्यास त्यांच्या उत्तम कृतींत गणणारे जाणकार पुष्कळ आहेत.

दूर कशाला, मुंबईतच पाहा. चित्रपटसंगीतात वादन करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि ठेक्याची यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. ती कोणाच्या ध्यानातही राहिली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगाला आढळले की शिकागोत काही वर्षांनी जे संगीत जन्मास आले, त्याची चाहूल या मुंबईकराच्या तबकडीत आधीच होती. २०१५ साली ते वारले. मान मिळाला तो अखेरच्या चार-पाच वर्षांत.

अशा उदाहरणांवरून ‘काळ शेवटी न्याय करतो’ असे म्हणण्याची रीत आहे. आम्हांस ते पटत नाही. काळ काहीच करीत नाही. कोणीतरी जुन्या ढिगातून एक तबकडी उचलतो, ऐकतो आणि दुसऱ्याला ऐकवतो. न्याय झालाच तर तो त्या माणसाचा. आणि माणूस अन्यायही तितक्याच सहजतेने करू शकतो, कारण पुनरुज्जीवन म्हणजे नेहमी स्मरणच असते असे नाही. ते विस्मरणही असू शकते.

याचा दाखला खुद्द ते विमान आहे. गाण्याप्रमाणे त्याचेही पुनरुज्जीवन झाले. भाग सुटे होऊन पडलेल्या त्या विमानाची दुरुस्ती १९८४ साली अमेरिकेत सुरू झाली. १९९५ साली, बाँबस्फोटाच्या पन्नासाव्या वर्षी, त्याच्याबरोबर हिरोशिमाच्या होरपळीच्या खुणाही प्रदर्शनात मांडाव्यात असा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील विमानसंग्रहालयाचा बेत होता. माजी सैनिकांच्या संघटनांनी व काँग्रेसच्या सभासदांनी गदारोळ केला. मूळ बेत रद्द झाला, संचालकांनी राजीनामा दिला, आणि विमानाचा पुढचा भाग तेवढा मांडण्यात आला. २००३ पासून संपूर्ण विमान व्हर्जिनियातील संग्रहालयात चकाकत उभे आहे. लोहार, सुतार, अभियंते यांच्या हातांनी ते नवे झाले; परंतु त्याच्या पोटातून जे पडले त्याची गोष्ट त्याच्याभोवती मांडू दिली गेली नाही. वस्तू जगविली, प्रश्न पुरला.

या चकाकत्या विमानाशेजारी ते गाणे ठेवून पाहिले म्हणजे आमच्या मनाचा निर्णय होतो. दोन्ही जुनी, दोन्ही देखणी, दोन्हींचे नाव एकच. पण गाणे कितीही गोड असले तरी त्याच्या पोटात प्रश्न शिल्लक आहे. शब्दांकडे कान देणाऱ्या कोणालाही तो सापडतो, आणि वीस वर्षांच्या मुलीला तो सापडला. कडू संग्रह तिच्यापर्यंत पोहोचला नसता. गोड चाल प्रश्न पाठीवर घेऊन पंचेचाळीस वर्षे चालत आली. गोडी हा त्या प्रश्नाचा अपमान नव्हे, ती त्याची वाहक आहे. फक्त वाहकाने पोहोचविलेले ओझे उतरून घेण्याचे काम आपले आहे. २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक अणुबाँबमधून वाचलेल्यांच्या निहॉन हिदानक्यो या संघटनेस मिळाले, आणि २०२५ च्या आरंभीही जगात १२,००० हून अधिक अण्वस्त्रे होती. प्रश्न जुना झालेला नाही. चाल तेवढी जुनी झाली आहे.

तेव्हा त्या मुलीला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर असे : नाचण्यात तुझे काही चुकत नाही. मध्येच थांबतेस, ते सोडू नकोस. ज्या दिवशी पाऊल थांबणार नाही त्या दिवशी मात्र आपले काही चुकले असे समज. आणि आमचे इतकी वर्षे चुकलेच.

या वर्षी कोजागिरीला ती चाल पुन्हा लागेल. आम्ही मान डोलावणारच. तेवढी माफी वयास असावी. परंतु त्या रात्री लक्ष्मी घरोघर हिंडून ‘कोण जागे आहे?’ असे विचारते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दूध पिऊन उत्तररात्रीपर्यंत डोळे उघडे ठेवले म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर झाले, असे आम्ही आजवर समजत होतो.