पाचवे कारण

किल्लारीच्या रस्त्यालगत पत्र्याच्या छपराखाली एका मिस्त्रीचे गॅरेज आहे, आणि गेल्या मार्गशीर्षात तेथे एका मालट्रकचे मागचे हौजिंग उघडून ठेवलेले असताना, काळ्या तेलाने माखलेल्या दोन दातेरी चाकांकडे पाहत उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरने जे उद्गार काढले, त्यांनी मला हा लेख लिहावयास लावले. लातूरच्या डाळमिलांतून मुंबईस तूरडाळ पोचविणारी ती गाडी. डिझेलची बचत व्हावी म्हणून मालकाने महिन्यापूर्वी क्राऊन-पिनियनची जुनी जोडी काढून नवी बसविली होती. परंतु पूर्वी लिटरमागे जे चार किलोमीटर पडत, ते आता पावणेचारच पडू लागले होते. "गुरुजी, पैसा घातला आन् उलटंच झालं. प्रारब्धच आडवं आलं, त्याला कोण काय करणार?" असे तो मला म्हणाला. मिस्त्री एका दातावर खडूची खूण करून दात मोजीत उकिडवा बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "प्रारब्ध मागनं बघू. आधी दात मोजू दे."

दात मोजून झाले. पिनियनला सात, क्राऊनला त्रेचाळीस. काढलेली जुनी जोडी कोपऱ्यात पोत्यावर पडली होती. तिचे दात सहा आणि एकेचाळीस. याचा अर्थ असा की, चाकाचा एक फेरा पुरा होण्यासाठी इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यास पूर्वी ६.८३ वेळा फिरावे लागे, ते आता ६.१४ वेळा फिरावे लागते. दहा-वीसचा टायर एका फेऱ्यात सुमारे ३.३ मीटर भूमी आक्रमितो. तेव्हा ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना चाक मिनिटाला ३०३ वेळा फिरते, आणि टॉप गिअरात जेथे जुन्या जोडीने इंजिनास २,०७० फेरे घ्यावे लागत, तेथे नव्या जोडीने १,८६० पुरतात. इंजिन जे डिझेल पिते, त्यातील काही गाडी ओढण्यात खर्ची पडते आणि काही स्वतःच्याच अंगातील घर्षण सोसण्यात. फेरे कमी झाले की हा दुसरा खर्च उतरतो. पहिला उतरत नाही, कारण माल तोच, रस्ता तोच आणि समोरचा वाराही तोच. म्हणून फेरे एक दशांशाने घटले तरी डिझेल एक दशांशाने घटत नाही, आणि जो मालक तशी अपेक्षा धरतो तो आपल्याच हिशेबात फसतो.

या बचतीचे मोलही द्यावे लागते. ज्या प्रमाणात फेरे कमी, त्याच प्रमाणात चाकाशी पोचणारा जोर कमी. सपाटीवर हे जाणवत नाही. परंतु मुंबईहून भरल्या गाडीने परतताना बोरघाटाचा चढ लागला की ड्रायव्हरला एक गिअर आधीच खाली उतरावे लागते, आणि आळसाने वा अभिमानाने तो उतरला नाही तर इंजिन गळपटते, काळा धूर ओकते आणि सपाटीवर वाचविलेले डिझेल घाटात परत करते. नऊ-वीसच्या जागी दहा-वीसचे टायर चढविणाऱ्याचीही हीच कथा. घेर सुमारे तीन टक्क्यांनी वाढतो, फेरे तितकेच कमी होतात, जोरही तितकाच घटतो. आणि टायरात हवा कमी असेल तर रबर दबून तापते व सारा लाभ त्या उष्णतेत जातो. त्यात मोकळ्या झालेल्या इंजिनाच्या भरवशावर ड्रायव्हरने गाडी ऐंशीवर नेली की वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. कमी फेऱ्यांचे दान ज्याला मिळाले, त्यानेच ते अशा रीतीने उधळल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

ऋग्वेदात 'सुख' हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो, आणि 'ख' म्हणजे चाकाच्या तुंब्यातील ज्या छिद्रात आस बसतो ते छिद्र, ते सुघटित असलेला तो 'सुख', अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी मानल्यास आपल्या पूर्वजांस सुखाची पहिली कल्पना चाक आणि आस यांच्या जुळणीत आढळली, असे म्हणावे लागते. आणि जुळणी ही नेहमी कोणत्या तरी वाटेशी व कोणत्या तरी ओझ्याशी असते.

आता त्या ड्रायव्हरच्या शब्दाकडे वळतो. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही कर्माची त्रयी आपल्याकडे निरक्षर माणसालाही ठाऊक असते, आणि ती या यंत्रास लावून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. हौजिंगमधील जोडी चालत्या गाडीत बदलता येत नाही; ते प्रारब्ध. गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या हातात असतो, ते क्रियमाण. परंतु ही जोडी आकाशातून पडलेली नाही. कोणी तरी, कोठे तरी, एका विवक्षित रस्त्याचा व वजनाचा विचार करून तिचे दात ठरविले. त्याचा विचार त्या वाटेपुरता बरोबर होता, आणि गाडी दुसऱ्या वाटेला लागली. ज्याला आपण दैव म्हणतो, त्यातील फार मोठा भाग हा दुसऱ्या वाटेसाठी दुसऱ्या हाताने केलेल्या निवडीचा असतो, असे माझे मत आहे. लोकमान्यांनी गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला, हे मला अर्थपूर्ण वाटते. आणि गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, करण आणि चेष्टा यांच्यानंतर दैवास पाचवे स्थान दिले आहे. आपण मात्र गणनेस पाचव्यापासून प्रारंभ करतो आणि पुढे जातच नाही.

हे मी किल्लारीत बसून लिहितो, म्हणून अधिक जबाबदारीने लिहिले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंतचतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव निजले असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली आणि या टापूत हजारो माणसे गेली. त्यानंतर कित्येक दिवस, सांत्वनासाठी आलेल्या भल्या माणसांच्या तोंडूनही, प्रारब्ध हाच शब्द निघत होता. भूकंप ६.२ रिश्टरच्या घरातला होता. तेवढ्याने इतकी माणसे मरावीत असे नाही. माणसे माळवदाखाली मेली. दगड-मातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी छप्पर गळू नये म्हणून या थरावर नवी माती पसरण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. आजोबांनी चार पाट्या टाकल्या, बापाने चार टाकल्या, मुलाने चार टाकल्या. प्रत्येक पाटी कुटुंबाच्या काळजीने डोक्यावरून वर गेली. संचित या शब्दाचा याहून शब्दशः अर्थ मला ठाऊक नाही. ते घर पाऊस आणि मराठवाड्याचे ऊन या दोन वाटांसाठी उत्तम जुळविलेले होते. तिसरी वाट कोणाच्या हिशेबात नव्हती. सरकारी नकाशातही किल्लारी भूकंपाच्या सर्वांत निर्धोक पट्ट्यात होती, आणि तो पट्टाच २००२ च्या सुधारित नकाशातून काढून टाकण्यात आला. १९९२ च्या ऑक्टोबरात भूमीने हादरे देऊन सांगून पाहिले होते, हेही नमूद केले पाहिजे.

म्हणून मृतांच्या आप्तांस प्रारब्ध सांगणे मला क्रूरपणाचे वाटते, आणि त्यांनी घरे वाईट बांधली असे सांगणे त्याहून क्रूर. दोहोंपेक्षा सत्य असे आहे की ती माती मोजता येत होती, आणि मोजल्यावर उतरविताही येत होती. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविली गेली; आणि जी जुनी घरे उभी होती त्यांच्या मजबुतीकरणाची जी तजवीज झाली, तीत छपरावरची माती कमी करणे, भिंतीचे दोन्ही थर सांधणारे आरपार दगड बसविणे आणि सभोवार काँक्रीटचा पट्टा बांधणे ही कलमे होती. संचितावर फावडे चालते, याचा हा दाखला आहे.

दात मोजून झाल्यावर मिस्त्रीने ड्रायव्हरला विचारले, "चार आन् पावणेचार हे तुला कुणी सांगितलं?" मीटरने सांगितले होते. त्या गाडीच्या मीटरची तार गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून निघते. ती चाकाचे नव्हे, दांड्याचे फेरे मोजते, आणि एका चाकामागे ६.८३ फेरे हे जुनेच प्रमाण धरून किलोमीटर लिहिते. हौजिंग बंद करून, तेल भरून, ते दोघे औशाच्या दिशेने गाडी घेऊन गेले. रस्त्याकडेचे दहा किलोमीटरचे दगड मागे पडले तेव्हा मीटरवर नऊच उमटले होते. पावणेचार म्हणजे वस्तुतः ४.१७; गाडीचा खप सुधारला होता आणि महिनाभर तो माणूस नसलेल्या तोट्याबद्दल दैवाला दोष देत होता.

नवी जोडी तशीच ठेवली आहे. मीटरच्या तारेचे लहान चाक मिळेपर्यंत ड्रायव्हर डिझेलचा हिशेब रस्त्यावरच्या दगडांवरून वहीत मांडतो.