झेडलिब बिल्ड करण्याआधी

टर्मिनल उघडा, पण अजून काही टाइप करू नका. खांदे सैल सोडा. श्वास आपल्या गतीने येऊ-जाऊ द्या.

समोर झेडलिबचे फोल्डर आहे. जाँ-लू गैली आणि मार्क ॲडलर यांनी 1995 मध्ये ही लायब्ररी खुली केली. डेटा दाबून लहान करण्याचा भाग गैलींनी लिहिला, तो पुन्हा उलगडण्याचा ॲडलर यांनी. मूळ गाभा सी भाषेतल्या पंधरा फाइलींचा. पीएनजी चित्र उघडते तेव्हा, गिटमध्ये कमिट होते तेव्हा, हेच काम चालू असते. त्या फाइलींकडे नुसते पाहा.

आता लिनक्सवर एकाच वेळी चाललेले अनेक प्रोग्रॅम डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांना झेडलिब हवी आहे. मेमरीत तिच्या कोडची प्रत एकच असते, आणि ती प्रत्येकाला निराळ्या पत्त्यावर दिसते. म्हणून कंपाइल करताना आपण ‘-एफपिक’ देतो. कोडने स्वतःचा पत्ता गृहीत धरायचा नाही, जिथे ठेवतील तिथून काम करायचे. विंडोजवर डीएलएलसोबत दुरुस्त्यांची यादी जाते आणि जागा बदलली की लोडर त्याप्रमाणे पत्ते सुधारतो. दोन्ही रीती मनात शेजारी-शेजारी ठेवा. घाई नाही.

यापुढच्या प्रश्नापाशी मात्र जास्त वेळ बसू. ‘इन्फ्लेट’ हे फंक्शन सगळ्यांसाठी आहे. त्याच्या आत राबणारे ‘इन्फ्लेट_फास्ट’ लायब्ररीचे खासगी. लिनक्स आणि मॅकवर ‘स्टॅटिक’ नसलेले प्रत्येक फंक्शन, वेगळे सांगितले नाही तर, बाहेर दिसते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचे उलट: डीएलएलमधून काय बाहेर द्यायचे ते नाव घेऊन सांगावे लागते. मला विंडोजची रीत अधिक शहाणपणाची वाटते. जे बाहेर दिसते ते कोणीतरी वापरतोच, आणि वापरात आलेले फंक्शन बदलले की अनोळखी माणसाचा चालता प्रोग्रॅम मोडतो. तुमच्या स्वतःच्या लायब्ररीतले एकेक फंक्शन आठवा. हे मी पुढची दहा वर्षे सांभाळेन का? उत्तर लगेच आले नाही, तर ते आज झाकून ठेवा.

वाटेत एवढे लक्षात असू द्या: ‘अनसाइन्ड लाँग’ 64-बिट लिनक्स आणि मॅकवर 8 बाइटचा असतो, 64-बिट विंडोजवर 4 बाइटचा. झेडलिबचा एकूण बाइट मोजणारा आकडा म्हणूनच विंडोजवर 4 जीबीनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

आता नावाकडे या. लिनक्सवर फाइल ‘लिबझेड.एसओ.1.3.1’ असली, तरी प्रोग्रॅम फक्त ‘लिबझेड.एसओ.1’ एवढेच लक्षात ठेवतो. मॅकवर लायब्ररीच आपला पत्ता पोटात बाळगते आणि लिंक करताना प्रोग्रॅम तो उतरवून घेतो. बिग सर या आवृत्तीपासून तर ॲपलची स्वतःची झेडलिब डिस्कवर सुटी फाइल म्हणून सापडतही नाही. ती सिस्टिमच्या एकत्रित कॅशमध्ये असते. विंडोजवर ‘झेडलिब1.डीएलएल’ बहुधा प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याच फोल्डरात घेऊन येतो.

हा फरक किती खोल जातो ते पाहा. डेटा दाबणाऱ्या भागात मेमरी बिघडवणारा एक दोष होता. त्याची दुरुस्ती 2018 मध्ये लिहिली गेली, पण प्रसिद्ध आवृत्तीत, 1.2.12 मध्ये, ती मार्च 2022 मध्ये आली. लिनक्सवर एक फाइल बदलली आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले की ती सामायिक प्रत वापरणारे सगळे सावरले. विंडोजवर प्रत्येक फोल्डरातली प्रत वेगळी शोधावी लागते. आपण बिल्ड करून पाठवलेली डीएलएल किती अनोळखी संगणकांवर अजून तशीच पडून असेल, याचा थोडा वेळ विचार करा. तो विचार जड वाटला तरी टाळू नका.

आता कमांड द्या. बिल्ड झाले तरी लगेच उठू नका. लिनक्सवर ‘एलडीडी’, मॅकवर ‘ओटूल -एल’, विंडोजवर ‘डम्पबिन /डिपेंडंट्स’ चालवा आणि तुमचा प्रोग्रॅम कोणाकोणावर विसंबून आहे ती यादी शेवटपर्यंत वाचा. तुम्ही लोकांना दिलेल्या प्रोग्रॅममध्ये झेडलिबची 1.2.13 च्या आधीची प्रत असेल (1.2.12 मध्येही एक दोष उरला होता), तर ती आजच बदला आणि ज्यांना तो प्रोग्रॅम दिला त्यांना कळवा.