वळणावरचा दगड

बसा. पाठ सैल सोडा. एक श्वास घ्या, सावकाश.

साताऱ्याहून पुण्याकडे निघालो आहोत. खंबाटकीचा बोगदा मागे पडतो. पुढे उतार, आणि ते एस आकाराचं वळण.

इथं मनानं उतरा. कडेला उभे राहा.

कठड्यापाशी एक दगड आहे, असं समजा. वीतभर उंच, चुन्यानं रंगवलेला. त्यावर ऑइलपेंटनं लिहिलेलं, इथं अपघातात गेलेल्या कुणाचं नाव. शेवटच्या अक्षराला जागा पुरलेली नाही, ते खाली उतरलं आहे. झेंडूच्या हाराचा नुसता दोरा उरला आहे.

पाहत राहा. घाई नाही.

ट्रक जातो. वारा अंगावर येतो. दोरा हलतो, थांबतो.

श्वास घ्या. सोडा.

याच वळणावर एप्रिल २०१८ मध्ये विजयपूरकडच्या मजुरांचा टेम्पो उलटला. कामाला निघालेली माणसं. गाव लांब, रस्ता परका. त्यांच्या घरचे दगड कुठे मांडणार?

त्यांच्यासाठीही थांबा.

आता मन मागे वळवा, वाई तालुक्यातल्या किकलीकडे. भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, उभे आहेत. एकापाशी बसा.

खाली लढाईत पडलेला वीर. वर अप्सरा त्याला नेताहेत. त्याहून वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य.

चंद्र बोटानं चाचपा. दगड गार आहे. मरणाची खूण दगडात ठेवणं या मुलखाला जुनं आहे.

पुन्हा वळणावर या.

कायद्याच्या लेखी हा छोटा दगड अतिक्रमण आहे. महामार्गाच्या जमिनीवर परवानगीशिवाय काही उभारायचं नाही, असं २००२ चा कायदा सांगतो. रस्त्यांवर पुतळे, बांधकामं होऊ देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये राज्यांना बजावलं. वळणावर चालकाची नजर रस्त्यावरच हवी, हेही खरं.

वाद आत्ता नको. नुसतं ऐका.

पहार दगडाखाली जाते. दगड डंपरमध्ये पडतो. तो आवाज ऐका. घरी तो कुणालाच ऐकू जात नाही.

तिकडे सांगली जिल्ह्यात, भोसे गावी, २०२० मध्ये एका जुन्या वडासाठी रत्नागिरी–नागपूर महामार्गाची आखणी बदलली. रस्त्यानं तिथं ऐकलं.

आणखी एक श्वास.

रस्ता रुंद होईल, दगड निघेल. काढणाऱ्यांना एवढीच विनंती: आधी घरच्यांना कळवा. चार दिवस द्या. त्यांना येऊन नारळ वाढवू द्या, आणि दगड आपल्या शेताच्या बांधावर नेऊ द्या.