हातात सोळा, समोर दश्शी

ब्लॅकजॅकच्या टेबलावर सगळ्यात नकोसा डाव कोणता, हे खेळणाऱ्याला विचारावं लागत नाही. आपल्या हातात १६ आणि डीलरची उघडी दश्शी. पत्ता मागावा, तर छक्कीपासून राजापर्यंत कुठलाही आला की २१ ओलांडून डाव बुडाला. तेरापैकी आठ प्रकारचे पत्ते तुमच्या मुळावर उठलेले. थांबावं, तर डीलर चारांत तीनहून अधिक वेळा १७ ते २१ च्या घरात जाऊन बसतो आणि तुम्ही हरता. गणित म्हणतं, पत्ता मागा. का? कारण मागितलात तर शंभर रुपयांमागे सरासरी ५४ रुपये जातात, आणि थांबलात तर त्याहून काही पैसे जास्त. अर्धे पैसे देऊन डाव सोडण्याची सोय त्या टेबलावर असेल, तर ५० रुपये देऊन मोकळं होणं सगळ्यात शहाणपणाचं.

‘बेसिक स्ट्रॅटेजी’ म्हणतात ती अशा उत्तरांनी भरलेली आहे. त्यातली निम्मी उत्तरं जिंकायची नाहीतच, कमी हरायची आहेत. दोन अठ्ठ्या आल्या आणि समोर दश्शी असली तरी जोड फोडा, म्हणजे पडत्या डावावर आणखी तेवढेच पैसे लावा, असं तक्ता सांगतो. हे पटायला जड जातं. तसं करूनही सरासरी नुकसानच होतं, फक्त ते १६ घेऊन झगडण्यापेक्षा कमी असतं.

हा तक्ता कुणा जुगाऱ्याच्या अनुभवातून आलेला नाही. अमेरिकेत मेरीलँडमधल्या ॲबरडीनच्या लष्करी तळावर बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅक्डरमॉट या चौघांनी टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर तो काढला आणि १९५६ मध्ये अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात छापला. काढता आला, कारण ब्लॅकजॅकमध्ये डीलरला मर्जी नाही. १६ पर्यंत पत्ता घ्यायचा, १७ ला थांबायचं. समोरच्याचं वागणं ठरलेलं असलं की त्याच्या मनात काय चाललंय हा प्रश्न उरत नाही. उरते ती मोजदाद. तीन पत्तीत नजर वाचणाऱ्या आपल्या माणसाला इथे म्हणूनच चुकल्यासारखं होतं.

तक्ता पाठ व्हायला आठवडा पुरतो. कठीण असतं ते टेबलावर त्याला धरून राहणं. समजा, शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाने तक्त्याप्रमाणे १२ वर पत्ता घेतला, त्याला राजा आला आणि तो बाद झाला. तो राजा डीलरकडे गेला असता तर डीलर बुडाला असता. सगळं टेबल त्या माणसाकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघतं. पुढच्या वेळी त्याच्याच पत्त्यामुळे डीलर बुडतो, तेव्हा मात्र कुणी पाठ थोपटत नाही. निर्णय बरोबर होता की नाही हे निकालावरून ठरवायची सवय आपल्या हाडीमाशी इतकी मुरली आहे, की बरोबर खेळून चार डाव ओळीने हरलेला माणूस पाचव्या डावाला तक्ता सोडतोच. कॅसिनोला हे पुरतं ठाऊक आहे. म्हणून तर लास व्हेगासमध्ये हाच तक्ता छापलेलं कार्ड खुद्द कॅसिनोच्या दुकानात विकत मिळतं आणि टेबलावर ठेवून खेळलं तरी सहसा कुणी अडवत नाही.

महाभारतातल्या नळाला ऋतुपर्णाने अक्षविद्या दिली आणि तिच्या बळावर त्याने पुष्कराकडून राज्य परत जिंकलं. त्या विद्येच्या जातीचं इथे काही असेल तर ते गेलेले पत्ते मोजणं. एडवर्ड थॉर्पने १९६२ च्या पुस्तकात ते मांडलं, आणि मोजणाऱ्याला कॅसिनो बाहेरचा रस्ता दाखवतात. बेसिक स्ट्रॅटेजी त्याच्या खालची पायरी. चांगल्या नियमांच्या टेबलावर ती तंतोतंत पाळली तरी कॅसिनोकडे साधारण अर्धा टक्का उरतोच. त्यात ब्लॅकजॅक लागल्यावर दीडपटीऐवजी सहास-पाच, म्हणजे हजाराला पंधराशेऐवजी बाराशे देणारं टेबल निघालं, की आणखी सुमारे १.४ टक्के गेले. पाठांतराची सगळी कमाई त्या एका ओळीत पुसली जाते, आणि ती ओळ टेबलाच्या कापडावर छापलेली असूनही फार थोडे वाचतात.

आपल्याकडचा हिशोब आणखी वेगळा. पणजीला मांडवीतल्या बोटींवर हौसेने जाणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स घ्यायला मोजलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो दर ४० टक्क्यांवर गेला. अर्धा टक्का वाचवायला शिकलेल्या माणसाचं तिथे काही काम नाही. तक्ता मात्र जरूर शिका. घरी, कॅट पिसून, पैशांऐवजी काडेपेटीतल्या काड्या लावून.