कॉपी आणि सातवी आज्ञा



२०१६ साली ‘सैराट’ चित्रपटगृहांत चालू असतानाच त्याची चोरटी प्रत मोबाईलवरून फिरली. पुष्कळांनी ती पाहिली आणि म्हटले, “मूळ चित्रपट तर तिथेच आहे, मग चोरी कसली?”

प्रश्न खरा आहे. टोपलीतले बांगडे कोणी नेले तर टोपली रिकामी होते. गाणे उतरवून घेतले तर ते कमी होत नाही. पण आपली रापण आठवू या. तिथे दोरी ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. तो श्रमाचा वाटा. फुकट कॉपी करणारा वस्तू नेत नसला, तरी हा वाटा बुडवतो. म्हणून सातवी आज्ञा तिथेही लागू होते, असे आम्हाला वाटते.

मात्र पैसे मोजणाऱ्यालाही न्याय हवा. विकत घेतलेले छापील पुस्तक शेजाऱ्याला वाचायला देता येते. कुलूपबंद डिजिटल पुस्तक बहुधा देता येत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याने २०१२ साली अशा कुलपांना संरक्षण दिले, पण दुसऱ्याचा हक्क बुडवण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यालाच दोषी धरले. हेतू पाहणे हे नीतीलाही धरूनच आहे.

तेव्हा ‘कॉपी’चे बटण दाबण्यापूर्वी आपण स्वतःला एवढेच विचारू या : यात कोणाचा वाटा बुडतो आहे?