विश्रामबागवाड्याच्या खांबाशी

पुण्यातल्या बाजीराव रस्त्याची गर्दी पाठीशी राहू द्या. तुळशीबागेतून निघालेल्या पिशव्या, रिक्षांचे हॉर्न, कुणाची तरी हाक, सगळं असू दे. ते थांबायची वाट पाहू नका. विश्रामबागवाड्यासमोर उभे राहा आणि नजर सावकाश वर न्या. खाली दगडी तळखडा. त्यावर सुरूच्या झाडासारखा निमुळता होत गेलेला सागवानी खांब. वर महिरप, तिची नक्षी, आणि रस्त्याकडे पुढे आलेला सज्जा.

आता खांबावर तळहात ठेवा. दाबू नका, नुसता टेकवा.

हे लाकूड तुमच्यासाठी उभं केलेलं नव्हतं. १८०७च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावांनी हा वाडा स्वतःच्या राहण्यासाठी बांधून घेतला. बाहेरचा माणूस दिंडीशीच अडला असता. जेमतेम दहा-अकरा वर्षं गेली आणि १८१८ साली पेशवाईच संपली. मालक गेला, वाडा राहिला. रिकाम्या वाड्याचं काय होतं ते आपण गावोगावी पाहिलं आहे: आधी कौल सरकतं, मग पाणी शिरतं, मग वाळवी. इथं तसं झालं नाही, कारण १८२१ साली या वाड्यात संस्कृत पाठशाळा भरली. आजच्या डेक्कन कॉलेजचं मूळ तेच. जिथं खासे बसत, तिथं मुलं व्याकरण घोकू लागली. तो पाठांतराचा आवाज क्षणभर ऐकायचा प्रयत्न करा. चौकातून वर चढणारा, एकसुरी, थोडा पेंगुळलेला.

श्वास घ्या. सोडा.

मे १८७९मध्ये याच वाड्याला आग लागली. बुधवारवाडाही त्याच वेळी पेटला. बुधवारवाडा आज नाही, हा आहे. जळलेला भाग पुन्हा उभारला गेला. पुढे अनेक वर्षं शहराच्या नगरपालिकेचा कारभार इथून चालला. पेशव्यांच्या घरात सामान्य माणूस अर्ज घेऊन आला, रांगेत उभा राहिला, कंटाळला, भांडला. मला तो माणूस फार मोलाचा वाटतो. त्याच्या येण्याजाण्याने हा उंबरठा सगळ्यांचा झाला.

आता लक्ष भिंतीकडे न्या. जुनी भिंत दुरुस्त करायची तर घाई चालत नाही. चुना भिजवायचा, मुरू द्यायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा, त्यात गुळाचं नि हिरड्याचं पाणी घालायचं. सिमेंट लवकर घट्ट होतं, पण ते भिंतीतली ओल आत कोंडून ठेवतं आणि शेजारचं लाकूड कुजायला लागतं. चुना ओल बाहेर जाऊ देतो. तो घट्ट कसा होतो यावर थोडं थांबा. चुनखडी भट्टीत भाजताना जो वायू उडून गेलेला असतो, तोच हवेतून परत घेत घेत चुना हळूहळू पुन्हा दगड बनतो. तुम्ही आत्ता सोडलेल्या श्वासातही तोच वायू आहे.

हे मनात राहू द्या. एक श्वास. आणखी एक.

लाकडाचंही तसंच. जाणता सुतार कुजलेला तेवढाच भाग कापतो, तिथं नवा साग सांधतो आणि निरोगी जुन्याला हात लावत नाही. किती काढायचं, किती राहू द्यायचं, हे ठरवणं सर्वांत अवघड. तुमच्या बोटांना असा सांधा लागला तर तिथं थोडं रेंगाळा.

या शतकाच्या सुरुवातीला महापालिकेने वाड्याची दुरुस्ती हाती घेतली. ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या वाटचालीचं प्रदर्शन इथं मांडलं गेलं. दर्शनी भागात पोस्टही आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद वाटतो. दुरुस्त करून कुलूप लावलेले वाडे मी पाहिले आहेत; रंग ताजा असतो आणि आत कोंदट वास येतो. इथं मात्र कुणाला तरी राखी पाठवायची असते, म्हणून तो येतो. खांबाकडे बघतही नाही. त्याने बघायलाच हवं असं नाही.

तळहात अजून खांबावरच आहे ना? आता तिथलं लाकूड तुमच्या हाताइतकंच उबदार झालं असेल. हात हळूच काढा आणि थोडं बाजूला सरका. मागून कुणीतरी पाकीट घेऊन येतंय, त्यांना वाट द्या.