जुने छप्पर आणि नवे झाड

हिमाचलात कुलूच्या खोऱ्यात उंचावरच्या काही जुन्या घरांवर अजून देवदाराच्या फळ्यांचे छप्पर दिसते. या लाकडात अंगचेच तेल असल्याने कीड सहसा लागत नाही. फळीही करवतून काढण्यापेक्षा फोडून काढलेली बरी. तिचे तंतू तुटत नाहीत, पाणी त्यांच्या ओघाने खाली उतरते. तरी ऊन, बर्फ नि शेवाळ यांपुढे तिचेही काही चालत नाही. छप्पर गळू लागते आणि घरच्या कर्त्याला विचार पडतो : पुन्हा देवदार, की पत्रा?

प्रश्न पैशाचा दिसतो खरा, पण त्यात धर्माधर्माचा विचार आहे.

कोणी म्हणेल, वाडवडिलांनी लाकूड घातले, आपणही घालावे. अहो, त्यांनी काय परंपरा राखावी म्हणून घातले? रान दाराशी होते आणि पत्रा कोणी पाहिला नव्हता! आता झाडाचा हिशेब पहा. देवदार छपराजोगा व्हावयास शंभराहून अधिक वर्षे लागतात. फळी कितीही चांगली असो, तेवढी टिकत नाही. म्हणजे छप्पर संपते तेव्हा त्याच्या बदली लावलेले झाड अजून पोरसवदाच असते. मग आपण घेतो ते कोणाच्या वाट्याचे? जो अजून जन्मालाच आला नाही, त्याला विचारायचे तरी कसे? तेथील गावकऱ्यांना घरदुरुस्तीसाठी रानातले लाकूड सवलतीने मिळण्याचा जुना हक्क आहे. पण हक्क आहे म्हणून घेतलेच पाहिजे, असे थोडेच आहे! कीर्तनात देहाला भाड्याचे घर म्हणतात; मला तर वाटते, ते घरालाच अधिक लागू पडते.

मग पत्रा घालावा काय? पत्र्याखाली हिवाळ्यात गारठा, पावसात कानठळ्या. पण बर्फ घसरून जाते, आणि एकट्या म्हातारीला दरसाल वर माणूस चढविण्याची विवंचना राहत नाही. बाहेरचा प्रवासी हळहळतो, "काय सुंदर घरं होती हो!" त्याला म्हणावे, बाबा, एक हिवाळा गळक्या फळ्यांखाली नीज, मग बोलू. मनालीजवळ ढुंगरीचे हिडिंबेचे देऊळ १५५३ सालचे. त्याची खालची तीन छपरे लाकडी फळ्यांची नि सर्वांत वरचे धातूचे. देवीला काही त्यात कमीपणा वाटलेला दिसत नाही.

आपल्याकडे मिरगाआधी कौले चाळतात, तेव्हा फुटके तेवढे काढतात, शाबूत पुन्हा बसवितात. तसेच तिथेही सगळे छप्पर उतरविण्याआधी एकेक फळी दाबून पहावी. कुजलेली निघेल ती चुलीला उपयोगी पडते. आणि देवदारच घालावयाचा ठरले, तर आधी रोप लावावे, कुऱ्हाड मागाहून. रोपाला कुंपण मात्र घट्ट हवे, नाहीतर शेळ्या पहिल्याच वर्षी त्याचा शेंडा खाऊन मोकळ्या होतात.